पत्ता आपल्याच घराचा लिहा

पुणे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा सविस्तर निरोप मिळाला. तुझी जर्मनीत राहणारी केनियन मैत्रीण दिवाळीत आपल्याकडे येणार, हे वाचून मला आणि तुझ्या बाबांना मनापासून आनंद झाला. त्यातली एक गोष्ट मात्र मला पटली नाही, आणि ती फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. व्हिसाच्या अर्जात डेक्कनवरच्या एखाद्या हॉटेलचा पत्ता द्यावा, तेवढ्यापुरते बुकिंग करून पुढे ते रद्द करावे आणि प्रत्यक्षात तिने आपल्याकडे राहावे, असे तू सुचवले आहेस. आम्हाला पोलिसांकडच्या नोंदीचा त्रास नको, सोसायटीत चर्चा नको आणि आत्याच्या कानावर वेळेआधी जायला नको, हे तुझे हेतू मला समजतात. तरीही ज्या घरात ती राहणार आहे त्याच घराचा पत्ता आणि ज्यांच्याकडे ती राहणार आहे त्यांचीच नावे त्या अर्जात असली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

यात लपवण्यासारखे मुळात काहीच नाही, हे आधी लक्षात घे. आपल्या सरकारच्या ई-टुरिस्ट व्हिसात, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या पर्यटक व्हिसात, स्थलदर्शनाबरोबरच मित्रांना किंवा नातेवाइकांना भेटायला येणे हा हेतूही स्पष्टपणे मान्य केलेला आहे. म्हणजे तुझ्या आईवडिलांकडे पाहुणी म्हणून येणे हे जसे आहे तसे लिहिले तर ते नियमात बसते, आणि हॉटेलचे सोंग आणले तर एका सरळ गोष्टीला उगाच संशयाची बाजू लागते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कोणाकडे उतरणार असे विचारले, आणि तिने खरे ते सांगितले, तर ते कागदाशी जुळणार नाही. कागदाप्रमाणे सांगितले तर त्या मुलीला परक्या देशात पाऊल ठेवताक्षणीच खोटे बोलावे लागेल. आपल्या सोयीसाठी तिच्यावर ही वेळ आणणे मला योग्य वाटत नाही.

कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग मी किती वर्षे सांभाळला, हे तुला ठाऊक आहे. इराण, येमेन, सुदान, अफगाणिस्तान आणि तुझ्या मैत्रिणीच्या केनियातूनही मुले येत. त्या सगळ्यांच्या कागदपत्रांवरून माझ्या लक्षात आले ते एवढेच, की एखादा कागद कमी असला तर तो मागून घेता येतो, पण दोन कागद एकमेकांशी जुळत नसले तर ते प्रकरण निस्तरता निस्तरत नाही. एका मुलाच्या बाबतीत तर घरमालकाने तो आपल्याकडे राहतो ही नोंदच पोलिसांकडे केली नव्हती. भाडे दर महिन्याला रोख घेतले, पावती कधी दिली नाही, आणि व्हिसाची मुदत वाढवण्याची वेळ आली तेव्हा सरळ हात वर केले. तो मुलगा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राही, आणि त्या गठ्ठ्यात आपण कुठे राहतो हे सिद्ध करणारा एकही कागद नसे. कॉलेज आणि पोलिस आयुक्तालय यांच्यामध्ये त्याने जे खेटे घातले, ते मी जवळून पाहिले आहेत. चूक त्याची नव्हती. घर देणाऱ्याने आपले नाव पुढे येऊ दिले नाही, एवढेच कारण होते. म्हणूनच आपल्या घराबाबत मी इतकी ठाम आहे.

आता अर्जाविषयी. तो तिने स्वतः भरावा आणि तू शेजारी बसावेस. वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मस्थान, धर्म, शिक्षण, नोकरी, शरीरावरची ओळखीची खूण, गेल्या १० वर्षांत कोणकोणत्या देशांत जाणे झाले, असे पुष्कळ खासगी प्रश्न त्यात असतात आणि त्यांची उत्तरे खरी असल्याचे तिलाच शेवटी मान्य करायचे असते. सरकारी संकेतस्थळ एकच आहे आणि त्याच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे. हुबेहूब तसेच दिसणारे, अशोकस्तंभाचे चित्र लावून दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारे खासगी दुकानदार इंटरनेटवर ढिगाने आहेत, तेव्हा शोधल्यावर पहिले जे दिसेल ते उघडू नका. फी एकदा भरली की अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही, म्हणून नाव आणि पासपोर्ट क्रमांक भरल्यावर तू एकदा मोठ्याने वाच आणि तिने पासपोर्टवर बोट ठेवून तपासावे. आडनावाच्या रकान्यात पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापले आहे तेच यायला हवे, तिला घरी किंवा नोकरीत कोणत्याही नावाने हाक मारत असोत. पासपोर्टची मुदत ती येथे पोहोचेल त्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्मा काढून घ्यावा लागतो. पासपोर्टचे पहिले पान पीडीएफ स्वरूपात लागते आणि ती फाइल ३०० केबीपेक्षा मोठी चालत नाही. आमच्याकडची मुले ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढून आणत, आणि प्लॅस्टिकच्या आवरणावर पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात नेमका पासपोर्ट क्रमांक नाहीसा झालेला असे. दिवसा खिडकीजवळ पान सपाट ठेवून काढा, किंवा सरळ स्कॅन करून घ्या.

भारतातील ओळखीच्या व्यक्तीचा रकाना येईल तेथे बाबांचे नाव, आपला कोथरूडचा पूर्ण पत्ता आणि बाबांचा मोबाइल क्रमांक घाला. माझा घालायलाही हरकत नव्हती, पण सदनिका त्यांच्या नावावर आहे आणि वीजबिलही त्यांच्याच नावाने येते, त्यामुळे सगळीकडे एकच नाव राहिलेले बरे. तिच्या देशातल्या व्यक्तीसाठी तिच्या आईचे नाव द्यावे, असे मला वाटते. मात्र आईला तसे आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी फोन केलाच तर त्या गोंधळणार नाहीत.

अर्जाची घाई आत्ता करू नका. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसासाठी येण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतच अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा ४ दिवस आधी करावा लागतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र थांबू नका, कारण दिवाळीच्या सुट्ट्या आणि फोटो पुन्हा मागवला जाण्याची शक्यता, या दोन्हींसाठी हाताशी वेळ हवा. एक वर्षाचा व्हिसाही मिळतो आणि त्याचा अर्ज १२० दिवस आधी करता येतो, पण त्याची मुदत मंजुरीच्या दिवसापासून मोजली जाते. या वेळच्या मुक्कामाला ३० दिवसांचा पुरेसा आहे. व्हिसा मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या परवानगीपत्रावर जी अंतिम तारीख छापलेली असते, ती भारतात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते. राहण्याचे ३० दिवस ती पोहोचल्यापासून सुरू होतात. पुष्कळ लोक या तारखेने घाबरून परतीचे तिकीट बदलतात, तसे तुम्ही करू नका. हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलताही येत नाही, म्हणून परतीचे तिकीट मुदतीच्या चांगले आत असू दे. जर्मनीत परतण्यासाठी तिचे तिथले रेसिडेन्स परमिट चालू आहे ना, तेही आत्ताच पाहून ठेवा.

तुम्ही दोघे आधी केनियाला तिच्या आईकडे जाऊन मग नैरोबीहून मुंबईला येणार आहात, हे वाचल्यावर मला पहिल्यांदा यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची, लस आठवली, आणि या पत्रातली ही सर्वांत निकडीची बाब आहे. केनिया हा पीतज्वराच्या देशांपैकी एक आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रत्येकाकडे, तो भारतीय नागरिक असला तरी, लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागते, आणि लस टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ते ग्राह्य धरले जाते. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात आणि सहा दिवसांपर्यंत ठेवतात. व्हिसा कितीही निर्दोष असला तरी त्याचा तेथे उपयोग होत नाही. तिने लहानपणी किंवा पूर्वी कधी ही लस घेतली असेल तर त्या प्रमाणपत्राचे जुने पिवळे कार्ड शोधा, कारण २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी मान्य केली जाते. तुझ्याकडे मात्र ते कार्ड नाही, हे मला नक्की माहीत आहे. लस अधिकृत केंद्रातच घे आणि कार्डावर केंद्राचा शिक्का उमटला आहे ना, हे तिथेच पाहून घे. तुला केनियात जाण्यासाठी त्यांची ऑनलाइन परवानगीही लागेल; जानेवारी २०२४ पासून त्यांनी व्हिसाऐवजी ती पद्धत आणली आहे.

मुंबईला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत तिला ई-अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाची माहिती देणारा फॉर्म, ऑनलाइन भरावे लागेल. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ते सुरू झाले आहे आणि त्यातही मुक्कामाचा पत्ता विचारतात. तेथेही आपलाच पत्ता. परवानगीपत्राची छापील प्रत तिच्या हातातल्या पिशवीत असू दे, मोबाइलवर विसंबू नका. ई-व्हिसाच्या खिडकीवर तिच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतील. तू भारतीय पासपोर्टच्या रांगेत असशील आणि ती वेगळ्या रांगेत एकटी असेल, याची तिला आधीच कल्पना दे. या व्हिसासाठी निमंत्रणपत्राची सक्ती नाही, तरी मी एक साधे पत्र इंग्रजीत लिहून बाबांच्या सहीने पाठवते. ती आमच्या मुलाची मैत्रीण आहे, या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्या घरी राहणार आहे आणि प्रवासाचा खर्च स्वतः करणार आहे, एवढेच त्यात असेल. खर्च आम्ही करणार असे लिहायला बाबा तयार होते, पण ती नर्स म्हणून नोकरी करते आणि स्वतःच्या पैशाने येते आहे, तेव्हा तेच लिहिणे बरोबर.

नोंदणीची काळजी तू करू नकोस. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते; आम्ही त्याला सी फॉर्म म्हणत आलो. परकीय नागरिकांविषयीचा १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी घर देणाऱ्यावरची ही जबाबदारी कायम आहे. ती हॉटेलांवर जशी आहे तशी आपल्यासारख्या साध्या घरांवरही आहे, हे पुण्यात फार थोड्या लोकांना माहीत असते. घरमालक म्हणून बाबांचे खाते मी आधीच उघडून ठेवीन. ती दाराशी आली की पासपोर्ट आणि व्हिसाचा शिक्का यांचे फोटो घेऊन त्याच संध्याकाळी नोंद करून टाकीन. तिला मात्र हे आधी समजावून सांग, नाहीतर घरात शिरताच पासपोर्ट मागितला म्हणून तिचा गैरसमज होईल. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी स्वतः सांगेन. आत्याला बाबा सांगतील, आणि तेही ती येण्याच्या पुष्कळ आधी. आत्याला वाईट वाटेल ते कोणी तरी तिसऱ्याकडून कळले तर; भावाने स्वतः जाऊन सांगितले तर ती पहिल्या दिवशी फराळाचे डबे घेऊन येईल, एवढे मी तिला ओळखते.

तुझ्या निरोपाच्या शेवटी तू नोंदणी विवाहाबद्दल जे ओझरते विचारले आहेस, त्याचेही उत्तर देते. या भेटीत तो विषय घालू नकोस. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते आणि नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. तू जर्मनीत आणि ती ३० दिवसांच्या व्हिसावर, तेव्हा हे गणित या वेळी जुळणारे नाही. तुम्ही दोघांनी ठरवलेत, तर तुझी रजा, तिचे कागद आणि तिच्या आईचे येणे हे सगळे धरून आपण ते स्वतंत्रपणे करू, आणि तेव्हा धावपळ करायला मी आहेच. या वेळी तिने पाहुणी म्हणून यावे आणि आम्हाला तिला नीट भेटता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.

पासपोर्टवर छापले आहे तसे तिचे पूर्ण नाव आणि येण्या-जाण्याच्या तारखा मला येत्या रविवारपर्यंत कळव, म्हणजे पत्र तयार करता येईल. आपल्या घराचा पत्ता इंग्रजीत कसा लिहायचा, ते बाबा वीजबिलावरून उतरवून आज रात्री पाठवतील. इमारतीच्या नावाचे स्पेलिंग सगळ्या ठिकाणी तेच ठेवा. लसीसाठी वेळ मात्र उद्याच घे.

तिला आमचा नमस्कार आणि तिच्या आईला आमची आठवण सांग.

तुझी,
आई