चि. सुमीस

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. सुमीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की माझ्याच बोटानं कट झाला, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. म्हणून पत्र. प्रदर्शनात चित्र घेतलं नाही असं तू सांगितलंस आणि मी लगेच एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा कोर्स, शाळा, पगार काढून बसलो. "आता पुढं काय, आण्णा?" हे तू मला विचारतच नव्हतीस बहुतेक. नुसतं म्हणत होतीस.

एकच विचारतो, मग तो विषय बंद. खिडकी उघडी असते ना? टर्पेंटाइनच्या वासात झोपायचं नाही. बापूंचं काय झालं ते तू बघितलंयस. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकू नकोस, आपोआप पेटतात. झालं.

पुढचं पाऊल मला बोर्ड रंगवण्यापुरतं कळतं. प्रायमर वाळला की खडू लावलेला दोरा ताणायचा, टिचकी मारायची, रेघ उमटते. पहिल्या अक्षराला ब्रश लावायच्या आधी शेवटच्या अक्षराला जागा उरतेय का, ते खडूनं बघून घ्यायचं. तुझं काम तसं नाही. तिथं शेवटचं अक्षर कुठलं हेच आधी माहीत नसतं. तरी माझं ऐकशील तर ते परत आलेलं चित्र उलटं करून ठेवू नकोस. समोर टांग, आणि त्याच विषयाची लहान लहान दहा कर. राज्य कला प्रदर्शनाला पाठव, ललित कला अकादमीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भर. जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग मिळायला वर्षं जातात म्हणतेस ना? मग अर्ज आत्ताच टाक, नंबर लागेपर्यंत चित्रं होतील.

बाबूराव पेंटर तरी कुठल्या कला महाविद्यालयात गेले होते? भाऊ आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला लागले. १९१६ ला आनंदराव गेले, तरी कॅमेरा स्वतः तयार केलाच, आणि १९२० ला 'सैरंध्री' लावला. चित्रकार आबालाल रहिमान तर मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकूनसुद्धा परत इथंच, कोटितीर्थाच्या काठावर… बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तुला हे शाळेत असल्यापासून ऐकवतोय.

पण त्या दोघांच्या खोलीला खिडकी असणार, एवढं नक्की.

परवा स्टँडवरून येताना त्या खानावळीपाशी थांबलो. वादळानं त्यांचा फ्लेक्स फाटलाय आणि आतून आपला जुना पत्रा दिसतोय. तांबड्या इनॅमलमधला. 'खानावळ'मधला 'ळ' तुझा. दुसरीत होतीस, शिडीवर माझ्या दोन पायांच्या मधे उभी राहून हट्टानं काढलास. डावीकडचं पोट मोठं झालं, उजवीकडचं चेपलं. मी पुसणार होतो. थिनरची चिंधीसुद्धा हातात घेतली होती. मालकाच्या लक्षात आलं तर बघू म्हटलं, आणि राहिलं. सगळा बोर्ड उन्हानं पांढरा पडलाय, 'ळ' मात्र जाड थर दिल्यामुळं अजून तांबडा आहे. इतका वेळ उभा राहिलो की पोरगं बाहेर येऊन विचारायला लागलं, "काका, जेवायला बसताय?"

फ्लेक्स आला तेव्हा मला कुणी विचारलं नाही पुढं काय म्हणून. मीही कुणाला विचारलं नाही, हीच चूक झाली. शाळेचं म्हणालो ते त्या भीतीनं. तुझ्या हातावर शंका म्हणून नव्हे.

कंप्रेसर विकला. आई सांगेलच, म्हणून आधी मीच सांगतो. पडूनच होता. तीन महिन्यांचं भाडं निघेल, पैसे मंगळवारी टाकतो. परत करायच्या गोष्टी करू नकोस.

पावसाचं पाणी आत येतं म्हणून तू खिडकी लावून घेतेस, हे मला इथं बसून कळतं. कॅनव्हास आतल्या भिंतीला लाव, खाली पाट ठेव. थोडं पाणी आलं तर येऊ दे.

तुझा,
आण्णा