गव्हाणीपाशी देवदूत नव्हते

सातारा,
नोव्हेंबरअखेर

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई म्हणाली, मिरजेत नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली आणि बाबा गेलेच नाहीत. पेटी झाकून ठेवलीय, आणि "तिथं आता ऑर्केस्ट्रा चालतो, माझं काय काम?" असं म्हणून मोकळे झाले. फोन केला असता, पण बाबा, फोनवर तुम्ही "हं, हं" करता आणि आईकडे देता. म्हणून पत्र. पवित्र शास्त्र तुम्हीच शिकवलंत, तेव्हा भांडायचं तर शास्त्रातूनच भांडते.

यंदा इथल्या संडेस्कूलचं नाटक माझ्याकडे आलंय. पुठ्ठ्याचे पंख कापायच्या आधी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नीट वाचून काढला. आपल्या नाटकात पडदा वर गेला की गव्हाणीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या झग्यातले देवदूत उभे असतात, हलायचं नाव नाही. लूकमध्ये मात्र ते तिथं दिसतच नाहीत. रानात मेंढपाळांकडे आले, बातमी दिली, देवाचं स्तवन केलं आणि स्वर्गात परत गेले. बाळ बघायला धावले मेंढपाळ, आणि पाहिलेलं लोकांना सांगत सुटले तेही मेंढपाळच. एवढी मोठी बातमी, आणि ती गावात पोचवायची कुणी, तर रात्रभर कळप राखणाऱ्या माणसांनी! देवदूतांनी किती झोकात सांगितली असती. पण त्यांचं काम रानातच संपलं होतं.

कर्नेल्य या रोमी शताधिपतीचंही तसंच. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात देवदूत त्याच्या घरी येतो आणि अख्खा पत्ता सांगतो: यापोला माणसं पाठव, पेत्र म्हणतात त्या शिमोनाला बोलावून घे, तो कातडी कमावणाऱ्या दुसऱ्या शिमोनाकडे उतरलाय, घर समुद्राकाठी आहे. इतकं सगळं सांगतो, पण येशूची सुवार्ता नाही सांगत. ती पेत्राने येऊन सांगायची. तोच शिष्य पेत्र, ज्याने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. देवासमोरून आलेल्या दूताला ते चार शब्द जड होते का? पण काम पेत्राचं होतं, म्हणून ते त्याच्यासाठी राखून ठेवलं.

बाबा, तुम्ही कधी कुणाकडून हार घालून घेतला नाहीत. फोटोत सगळ्यांच्या मागे उभे राहता. पंच कमिटीत नाव सुचवलं की "नको, तरुणांना घ्या" म्हणता. ती नम्रता मी लहानपणापासून बघत आलेय, आणि खरं सांगू? ती तुम्हाला सोपी जाते. अवघड आहे ती ही दुसरी. आपल्याला जे उत्तम येतं, ते आपल्याहून कच्च्या हातात द्यायचं आणि त्या हाताला चुकू द्यायचं.

तुमच्या जागी आता वाजवतो तो मुलगा चुकतो, हे मीही म्हणते. आईने मोबाईलवर पाठवलेलं ऐकलं. सांगलीहून आणलेल्या कीबोर्डवर तयार ठोका लावतो आणि भजनी ठेक्याची पार वाट लावतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन असं पळवलं की शब्दांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. तुमचा राग त्या लयीवर असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. पण "ऑर्केस्ट्रावाला" हे तुम्ही त्याला चारचौघांत म्हणालात म्हणे. यहूदाच्या पत्रातला मीखाएल आठवा. मोशेच्या शरीरावरून वाद, समोर साक्षात सैतान, आणि हा आद्यदेवदूत असूनही निंदेचा एक शब्द तोंडातून काढत नाही. "प्रभू तुला धमकावो," एवढंच. सैतानाला जेवढी सवलत मिळाली तेवढी आपल्या मंडळीतल्या पोराला मिळायला हरकत नसावी.

(आई, तू हसत असशील तर हळू हस.)

आणि देवदूत निघून जातात म्हणजे रुसून जात नाहीत. एका पाप्याने पश्चात्ताप केला तरी त्यांच्यासमोर आनंद होतो, असं प्रभूनेच सांगितलंय. पेत्र त्याच्या पहिल्या पत्रात म्हणतो, सुवार्तेच्या या गोष्टी न्याहाळून पाहायची देवदूतांना उत्कंठा आहे. म्हणजे काम दुसऱ्यांकडे गेलं, पण डोळे तिकडेच. तुम्ही मात्र खिडकी लावून घेतलीत.

आपले टिळक 1917 साली मिशनची नोकरी सोडून इथंच साताऱ्याला येऊन राहिले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. वय पन्नाशीच्या पुढे, आणि त्यानंतर दोन वर्षांत, 1919 मध्ये ते गेलेच. त्यांची भजनं आज आपण त्यांच्यामागे गातोच ना, आपापल्या गळ्याने, कधी बरी, कधी बेसूर?

आई, तुझं मला आवडतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता मरण दे" म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. भाकर आणि पाणी ठेवलं. तो खाऊन परत झोपला, तरी रागावला नाही, पुन्हा उठवून खायला लावलं. बाबा घुम्यासारखे बसले की तू गुपचूप चहा ठेवतेस, तसंच हे. चालू राहू दे, फक्त साखर बेतानेच घाल.

आता माझं मागणं. बाबा, ती निळ्या पुठ्ठ्याची वही, जिच्यात प्रत्येक भजनाखाली तुम्ही पेन्सिलीने सरगम लिहिलीय आणि समेवर छोटी फुली मारलीय, ती त्या मुलाला द्या. उसनी नको, देऊनच टाका. पट्टी कुठली धरायची तेही दाखवा, कारण बायकांना काळी चार चढते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. एवढं करून मागच्या बाकावर बसा. मध्येच उठून ठेका धरायचा नाही.

मी बाविसाव्या तारखेला येतेय, पोरांनाही आणते. तोवर एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात शमशोनाचा बाप मानोहा देवदूताला नाव विचारतो, म्हणजे पुढे सन्मान करता येईल, आणि तो नाव सांगतच नाही, अन्नही घेत नाही, होम करायचा तर परमेश्वराला कर म्हणतो. इथले पाळकसाहेब म्हणतात, तो देवदूत नव्हेच, खुद्द प्रभू होता. मला ते पटत नाहीये. तुमचं मत पत्रानेच कळवा, फोनवर "हं, हं" चालणार नाही.

तुमची,
धाकटी