फेब्रुवारीत मी बर्फावर जाणार आहे

ति. आईस आणि ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत घरी येत नाहीये. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई नुसतं "बरं, बरं" म्हणते आणि मग चार दिवस नीट जेवत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा. डोळ्यांत थेंब घातल्यावर अर्धा तास जाऊ दे, मग वाचा. आणि मधलं काही गाळू नका, ती ओळखते.

आधी रजेचा हिशोब. इथे स्वीडनमध्ये कायद्यानं वर्षाला २५ दिवसांची रजा मिळते. त्यातले १५ दिवस मी गणपतीसाठी बाजूला ठेवले आहेत, म्हणजे पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरून तीन आठवडे मी तुमच्याकडेच. फेब्रुवारीत आले असते तर फार तर आठवडा मिळाला असता, त्यातले दोन दिवस विमानात आणि दोन झोपेची गाडी रुळावर आणण्यात गेले असते. इथे स्टॉकहोममध्ये वर्षाच्या नवव्या आठवड्यात शाळांना 'स्पोर्टलोव्ह' असते, खेळांसाठीची हिवाळी सुट्टी. तेव्हा ऑफिसही निम्मं रिकामं होतं. त्या आठवड्यात आम्ही पाचजण गोठलेल्या तळ्यांवरून लांब पल्ल्याचं स्केटिंग करणार आहोत. सामान घेऊन झालंय, क्लबाचं सदस्यत्वही घेतलंय. म्हणजे मी विचारत नाहीये, सांगते आहे. हे लिहिताना हात अडतो. पण सगळं ठरवून झाल्यावर विचारल्यासारखं करायचं, हे तुमच्याशी मला जमणार नाही.

आई, पाणी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. तो विषय मी काढत नाही. पण त्यासाठीच पुढचं सगळं इतकं बारीकसारीक लिहिते आहे. नुसतं "काळजी करू नकोस" म्हटल्यानं तुझी काळजी कधी कमी झाली आहे?

स्टॉकहोम १४ बेटांवर वसलेलं आहे. पश्चिमेला मेलारेन हे प्रचंड तळं, पूर्वेला बाल्टिक समुद्र. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. पावणेनऊला उजाडतं आणि तीनच्या आत सूर्य मावळतो. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस दहा तासांच्या वर जातो. ऊन असतं, थंडी कोरडी असते आणि बर्फ अजून भक्कम असतो. त्या उन्हात दिवसभर बाहेर राहिलं की मन जागेवर येतं. हिवाळाभर घरात बसून राहिलेल्या माणसाचं इथे काय होतं ते मी पाहते आहे, म्हणून हा खेळ मला हवा आहे. आणि हे कोणाचं आजकालचं खूळ नाही. आमचा क्लब १९०१ सालचा आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'स्केटवर शीड लावून जाणाऱ्यांचा क्लब', कारण सुरुवातीला लोक हातात शीड धरून वाऱ्यावर जायचे. आता वेगाप्रमाणे गट असतात आणि प्रत्येक गटापुढे शिकलेला म्होरक्या. आम्ही सगळ्यात सावकाश गटात.

बाबा, हा भाग तुमचा. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, तो तुमचा फळ्यावरचा आलेख आठवतो ना? तळं गोठतं ते त्या आलेखाप्रमाणेच. आधी सगळं पाणी वरून खाली फिरत ४ अंशांपर्यंत उतरतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं म्हणून वरच राहतं आणि वरूनच गोठतं. त्यामुळे उथळ, लहान तळी आधी धरतात आणि खोल मेलारेन मागाहून. एकदा बर्फ धरला की तोच खालच्या पाण्यावर गोधडीसारखा बसतो, म्हणून जाडी वाढेल तसा गोठण्याचा वेग मंदावतो. वर हिम पडलं तर दुसरी गोधडी. म्हणून हिम पडलेला बर्फ पांढराशुभ्र आणि भरभक्कम दिसतो, पण आतून पातळ राहिलेला असू शकतो.

सगळ्यात विश्वासाचा तो काळा बर्फ. काचेसारखा असतो, खालचं गडद पाणी दिसतं म्हणून काळा म्हणायचं. इथे त्याला 'शैर्नईस' म्हणतात. चालायला तो किमान १० सेंटीमीटर जाड हवा असं सांगतात. मुरलेले स्केटर, सगळी साधनं जवळ असताना, ५ सेंटीमीटरवरही जातात. आम्ही जाणार नाही, १० च्या खाली आमच्यासाठी बर्फ नाहीच असं आम्ही आपसात ठरवलं आहे. हिमाच्या भारानं बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि पुन्हा गोठतं. तो करडा-पांढरा बर्फ तेवढ्याच जाडीला कमी भार पेलतो. आणि मार्चमधला बर्फ सगळ्यात फसवा. ऊन त्याच्या स्फटिकांच्या सांध्यांमधून आत उतरतं, मग वीतभर जाड बर्फसुद्धा उभ्या काड्यांच्या जुडीसारखा सुटा होतो. सकाळी पेलतो, दुपारी नाही. म्हणून आमचा बेत फेब्रुवारीचा, आणि त्या आठवड्यात ऊबदार वारं सुटलं तर बेत रद्द.

जाडी डोळ्यांनी मोजत नाहीत. प्रत्येकाच्या हातात 'ईसपीक' असते, लाकडी दांड्याला जड पोलादी टोक. बाबा, लहानशी पहारच समजा. पुढचा माणूस सतत टोचत जातो. एका जोरदार टोच्यात पीक आरपार गेली की थांबायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं, चर्चा करायची नाही. कानही लागतो. बर्फ जाड असला की स्केटचा आवाज खर्जातला येतो, पातळ होत गेला की स्वर चढत जातो. फार थंडी पडली की तळं गडगडतं, एका काठावरून दुसऱ्या काठाला आवाज धावतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धडकी भरते, पण तो बर्फ आकसल्याचा आवाज असतो. कडक थंडीत तो नेहमीचाच.

काही जागा कितीही थंडी असली तरी टाळायच्या: पुलाखाली, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पट्टीत, भूशिराच्या टोकाशी, ओढा तळ्याला मिळतो तिथे, लव्हाळ्यांत. एकतर खाली पाणी हलतं असतं, नाहीतर कुजणाऱ्या गवतात ऊब असते. मेलारेनमध्ये आणखी एक गोष्ट आहे. व्हेस्टेरोसच्या बंदराकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांसाठी बर्फ फोडून वाट खुली ठेवतात. ती वाट रात्री वरवर गोठते आणि सकाळी बर्फासारखीच दिसते. नकाशावर मी ती लाल पेनानं काढून ठेवली आहे. आम्ही तिच्या एकाच बाजूला राहणार, ओलांडणार नाही.

स्केट टीव्हीवर नाचणाऱ्या मुलींचे असतात तसे नसतात. पातं हातभर लांब असतं, ४५ ते ५० सेंटीमीटर, आणि बुटाला फक्त पुढून अडकवलेलं. टाच मोकळी उचलली जाते, त्यामुळे पोटऱ्या कमी दमतात. मैलोन्मैल जायला हेच बरं. पातं लांब म्हणून लहानसहान खडबड जाणवत नाही. पण जायच्या दिशेनंच भेग असली तर पातं तिच्यात अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून भेग दिसली की तिरपी ओलांडायची. खरं सांगते, पाण्यात पडण्यापेक्षा अशा पडण्याची भीती मला जास्त वाटते. हेल्मेट, गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड घेतले आहेत, आणि ते वापरणार आहे.

आता जे वाचताना बाबांचा आवाज खाली जाईल ते. पाण्यात पडलंच तर काय.

गळ्यात, अगदी हनुवटीखाली, दोन टोचे असतात, मुठीत धरायचे आणि पुढे पोलादी टोक. त्यांना इथे 'ईसदुब्बर' म्हणतात. सोबत शिट्टी. ते उंचावर बांधायचे, कारण खाली लोंबले तर पाण्यात हाताला लागत नाहीत. पडल्यावर पहिलं मिनिट फक्त श्वासाचं. गार पाण्यानं एकदम धाप लागते, तेव्हा हातपाय झाडले तर पाणी नाकातोंडात जातं. बर्फाची कड धरून श्वास ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं. हात साधारण दहा मिनिटं नीट चालतात आणि तेवढी वेळ पुरते. माणूस गारठून बेशुद्ध व्हायला साधारण तासभर लागतो, लोकांना वाटतं तसं लगेच काही होत नाही. मग तोंड आलो त्या दिशेला वळवायचं, कारण तिकडच्या बर्फानं आत्ताच आपल्याला पेललेलं असतं. टोचे रोवायचे, पाय मागे झाडून अंग आडवं करायचं आणि पोटावर सरपटत बाहेर यायचं. उभं राहायचं नाही, लोळत दूर जायचं.

पाठपिशवीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या दोन पिशव्यांत बांधलेला असतो. त्यात हवा राहते, म्हणून पिशवीच आपल्याला तरंगवते. तिचा एक पट्टा दोन्ही पायांमधून घ्यायचा. तो नसेल तर पिशवी डोक्याकडे सरकते आणि तोंड पाण्यात ढकलते. नवशिके हाच पट्टा विसरतात, म्हणून निघण्याआधी आम्ही एकमेकांचा ओढून बघतो. तरंगणारा दोर ज्याच्या-त्याच्या पिशवीला बांधलेला असतो, सुमारे २० मीटरचा. पडलेल्यानंच तो इतरांकडे फेकायचा, म्हणजे कोणाला कडेजवळ यावं लागत नाही. पडलेल्याचे हात चालेनात तर दुसरा आपला दोर फेकतो. आणि एकटं कोणी जातच नाही, दोनजणही नाहीत.

हे सगळं नुसतं वाचून जमत नाही, म्हणून क्लब मुद्दाम पाण्यात पडण्याचा सराव घेतो. पडण्याला इथे 'प्लुर्रा' असा लाडिक शब्द आहे. पूर्ण सामानासकट बर्फातल्या पाण्यात उतरायचं, वर दोर धरून शिकवणारे उभे, आणि आपलं आपण बाहेर यायचं. मी त्यात नाव दिलंय. आई, हे वाचून तुझा हात छातीशी गेला असणार. पण ज्याला बाहेर कसं यायचं ते ठाऊक आहे, त्यानंच पाण्यावर जावं, असं तूच म्हणत आली आहेस.

उरलेलं सगळं ऊबेचं आहे. घरात रेडिएटर चालू असतात, खिडक्यांना तीन-तीन काचा आहेत, मी घरात सुती कपड्यांतच असते. बाहेर मात्र सुती काहीच नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. अंगालगत मेरिनो लोकर, वर आणखी एक लोकरीचा थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. थांबलं की लगेच पिसांचं जाकीट चढवायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. थर्मासमध्ये ब्लूबेरीचं गरम गोड सार असतं, बसायला फोमचं आसन. फोन आतल्या खिशात, थंडीत त्याची बॅटरी पटकन उतरते. रस्त्यावर चालायला बुटांना खिळ्यांचे पट्टे आहेत, कोटाला चकाकणारी पट्टी आहे आणि ड जीवनसत्त्वाची गोळी रोज घेते. लहानपणी कॉडलिव्हर ऑइलसाठी तू मागे धावायचीस तशी आता मी स्वतःच्या मागे धावते.

आता तुमच्या दोघांसाठी, आणि हे ऐकायचंच. बाबा, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वाढतं. पहाटे पाचची फेरी संक्रांतीपर्यंत बंद, ऊन आल्यावर जा, कानटोपी घालून. प्रेशरची गोळी संपायच्या आठ दिवस आधी आणा, संपल्यावर नाही. आंघोळीला आतून कडी लावू नका, दार नुसतं लोटून घ्या. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. आई, तुझ्या गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. बोळातला रात्रीचा दिवा चालू ठेवा, त्याचं बिल मी देते. मी जशी एकटी बर्फावर जात नाही तसं तुम्ही एकट्यानं दवाखान्यात जाऊ नका, एक फोन केला की शेजारची मंडळी येतात, संकोच करू नका.

माझ्याकडून एवढं: बर्फावर उतरण्याआधी एक निरोप, वर आल्यावर एक. कोणत्या तळ्यावर, किती वाजेपर्यंत, तेही त्यात लिहीन. ठरल्या वेळेनंतर तासभर निरोप आला नाही तर इथल्या माझ्या मैत्रिणीला फोन करा, तिचा नंबर बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा, मी वेगळा पाठवते. ती ११२ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, कळवेल. रविवारचा फोन नेहमीच्याच वेळी, इथे तीन, तुमच्याकडे साडेसात.

आई, तू विणलेली लाल टोपी जाड आहे, हेल्मेटखाली बसत नाही. म्हणून ती कोरड्या कपड्यांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली आहे. पाण्यातून बाहेर आलं की ओली टोपी काढून लगेच कोरडी घालायची असते.

तुमची,
बाळी