मंत्री महोदय, माझ्या मुलीचे उत्तर चूक नव्हते

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यातील कोरकू आदिवासी शेतकरी आणि पहिलीतल्या एका मुलीचा बाप आहे. गेल्या आठवड्यात शाळेत तक्त्यावरचे कुत्र्याचे चित्र दाखवून "हे काय?" असे विचारले, तेव्हा तिने "सीटा" असे सांगितले. कोरकूत कुत्र्याला सीटाच म्हणतात. मुले हसली, गुरुजींनी "चूक" म्हणून पुढच्या मुलाला उभे केले आणि त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. तहान लागली तरी पाणी मागत नाही, कारण तिला येणारा शब्द 'डा' आहे आणि तोही चूकच ठरेल, असे तिने आईला सांगितले.

गुरुजींवर माझा राग नाही. त्यांना कोरकू कोणी शिकवलेलीच नाही. राग आहे तो गेल्या वर्षी ग्रामसभेत मिळालेल्या शब्दाचा. नव्या सत्रात कोरकू बोलणारा सहायक शिक्षक आणि दोन्ही भाषांतले वाचनाचे पुस्तक मिळेल, असे अधिकाऱ्यांनी सर्वांदेखत सांगितले होते. जूनअखेर शाळा उघडल्या, पण माणूस आला नाही आणि पुस्तकही आले नाही. विचारायला गेलो, तर "वरून आदेश नाही" एवढेच उत्तर मिळाले.

मी स्वतः आश्रमशाळेत पहिली दोन वर्षे एक वाक्यही बोललो नाही. इतरांनी वही काढली की वही काढायची, इतर उठले की उठायचे, असे दिवस काढले आणि 'ढ' हा शिक्का घेऊन शाळा सोडली. मराठी शिकलो ती पुढे, मजुरीसाठी अकोल्याकडे गेल्यावर, आणि मग बाहेरून परीक्षा दिल्या. या भाषेवर माझे प्रेम आहे. २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मलाही आनंद झाला. पण जे मी सोसले तेच माझ्या मुलीनेही सोसावे, हे मला सहन होत नाही.

अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे सांगणारा अनुच्छेद ३५०-क राज्यघटनेत १९५६ पासून आहे, २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो आणि २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत. त्या 'शक्यतो' या एका शब्दाआड आमच्या पिढ्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक होते. ओडिशा आदिवासी मुलांना त्यांच्या भाषांतली पुस्तके देऊ शकतो, तर महाराष्ट्राला काय अडचण आहे?

१६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, तेव्हा कोवळ्या मुलांवर आणखी एका भाषेचे ओझे नको म्हणून सारे राज्य उभे राहिले आणि २९ जूनला शासनाने माघार घेतली. ते म्हणणे योग्यच होते. मग तेच म्हणणे मेळघाटात का लागू होत नाही? आमच्या मुलाच्या घरी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि पहिलीपासूनच इंग्रजी. कुपोषणाची बातमी आली की गाड्यांची रांग लागते, वजन होते, दंडघेर मोजला जातो. ही मुले घरी कोणती भाषा बोलतात, हे मात्र त्या कागदांवर कुठेच लिहिलेले नसते. आमची मुले उपाशी असली तरच शासनाला दिसतात काय?

पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी गावातलाच कोरकू बोलणारा माणूस मानधनावर नेमावा, कोरकू-मराठी पुस्तके दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेत पोहोचवावीत आणि नव्या शिक्षकांना रुजू होण्याआधी कोरकूचे प्रशिक्षण द्यावे. याचा आदेश तारखेसह, लेखी स्वरूपात आमच्या ग्रामसभेला मिळावा. तोंडी शब्द आम्ही यापुढे स्वीकारणार नाही.

आपला,
एक पालक, तालुका धारणी, जिल्हा अमरावती