काका, आत्या आता स्वतःच्या घरात आहे

काका, नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण थँक्यू मला सगळ्यांसमोरच म्हणायचं होतं.

आत्याला कोणी मारहाण केली नव्हती हो, त्यामुळे आम्ही सगळे घरोघरी मातीच्या चुली म्हणून गप्प बसलो. फोन केला की ती झोपलीय, तिला ऐकू येत नाही, फोन बिघडलाय, हे दीड वर्ष ऐकलं आणि मी ते खरं मानलं याचं अजून वाईट वाटतं. एटीएम दादाकडे, पासबुक दादाकडे, शेजारी जायचं तरी विचारून, काही बोललं की वृद्धाश्रमात टाकतो. तुम्ही भजनाचं सांगायला म्हणून गेलात, वहिनी पाणी आणायला आत गेल्यावर हळूच विचारलंत, "ताई, पेन्शन हातात येते का?" तिने नुसता पदर तोंडाला लावला. एवढं कोणी विचारलंच नव्हतं तिला.

मग आमच्या डायनिंग टेबलवर बसून आत्याने घर दादाच्या नावे करून दिल्याचं अख्खं बक्षीसपत्र भिंग लावून वाचलंत आणि तिसऱ्या पानावर 'हयातभर सांभाळ व औषधपाणी करण्याच्या अटीवर' याच्याखाली पेन्सिलने रेघ मारलीत. पुष्कळ जण ही ओळच टाकत नाहीत आणि मग फार अवघड होतं, हे तेव्हा कळलं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23, अट असूनही सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र फसवून किंवा दबावाने घेतलं असं धरतात आणि प्रांतांसमोरचं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरचं, न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं, वकील न लावताही अर्ज देता येतो. आम्हाला तर एका ठिकाणी घरगुती मॅटर आहे, आपसात मिटवा म्हणून परत पाठवलं होतं! जानेवारी 2025 चा उर्मिला दीक्षित केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं म्हणणारा, तोही तुम्हीच प्रिंट काढून जोडलात.

सही करताना आत्याचा हात थांबला. "त्याला जेलमध्ये नाही ना टाकणार?" तुम्ही पेन खाली ठेवलंत, म्हणालात, नाही ताई, फक्त तुमचं घर तुम्हाला परत, आणि तिचं रडून होईपर्यंत अर्धा तास तसेच बसून राहिलात. मी असते तर घाई केली असती.

रेघ मारलेली ती झेरॉक्स आत्याने देवघरात ठेवलीय. रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, पुरणपोळ्या ती स्वतः करणार आहे.