पुस्तकांची बॅग घेण्याआधी

मिरज

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तीन बॅगांचे फोटो पाहिले. तिन्ही देखण्या आहेत. पण फोटोत दिसते ती बॅगेची पुढची बाजू, आणि बॅग उसवते ती पाठीकडून, पट्ट्यांच्या जोडापासून. म्हणून यातली कुठलीच लगेच मागवू नकोस. पुण्यात दुकानात जा, हाताने तपास आणि मग घे. दोन दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

पण दुकानात जाण्याआधी वजन कर. तुमच्या मेसमध्ये काटा असेलच, नाहीतर कोपऱ्यावरचा किराणावाला करून देईल. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं एकत्र पुस्तक साधारण १ किलो ८०० ग्रॅम धर, नर्सिंग फाउंडेशनचं १ किलो ६००. दोन जाड फुलस्केप वह्या ९०० ग्रॅम. स्टीलची लिटरची भरलेली बाटली सव्वा किलो, डबा ८०० ग्रॅम, स्टेथोस्कोप १५०, घडी केलेला युनिफॉर्म अर्धा किलो, छत्री ३५० ग्रॅम, आणि बॅग स्वतः ९०० ग्रॅम. बेरीज सव्वाआठ किलो होते. तुझं वजन ५२ किलो. शाळेच्या मुलांसाठी सरकारने २०२० च्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलंय. तू मोठी आहेस, पंधरा टक्के धरले तरी ७ किलो ८०० ग्रॅमच होतात. म्हणजे कितीही महाग बॅग घेतलीस तरी हे ओझं जास्तच आहे. आधी ते कमी करायचं.

बाटली अर्धी भरून ने आणि कॉलेजात भरून घे. अर्धा किलो तिथेच गेला. दोन वह्यांऐवजी एका फाइलमध्ये सुटे कागद ने आणि रात्री विषयवार लाव. आणि ते अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक बाइंडरकडून दोन भागांत करून घे. अशा पुस्तकांतला चित्रांसाठीचा गुळगुळीत आर्ट पेपर जड असतो, कारण त्यावर मातीचा थर दिलेला असतो. बाइंडरला सांग, धडा जिथे संपतो तिथेच पुस्तक सोडव आणि दोन्ही भागांना बाजूने दोऱ्याची शिलाई घाल. नुसता गोंद लावला तर गुळगुळीत कागद नीट धरत नाही, परीक्षेच्या आत पानं सुटतात. पुस्तक पुढे विकताना किंमत थोडी कमी येईल, येऊ दे. एवढं केलंस की ओझं साडेसहा किलोच्या आत येतं.

आता बॅग. २५ ते ३० लिटरची पुरे. त्याहून मोठी घेतलीस की रिकामी जागा भरायची सवय लागते. रिकामी बॅग ९०० ग्रॅमपेक्षा जड नको. प्रॅक्टिकल रेकॉर्डची फाइल आणि ते जाड पुस्तक दुकानात सोबतच ने. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो, त्याची फाइल आणखी मोठी, आणि बॅगेचं बाहेरचं माप बघून आतलं कळत नाही. फाइल आत सरळ उभी राहून चेन न अडकता लागली पाहिजे. कोपरा दुमडून घालावी लागली तर रोज तोच कोपरा चेनवर दाब देतो आणि चेन तिथेच जाते.

दुकानदार बॅगेत कागदाचे बोळे भरून ठेवतो, त्यामुळे प्रत्येक बॅग ताठ दिसते. ते बोळे काढायला लाव. बॅग रिकामी करून आतून उलटी कर आणि खांद्याची पट्टी जिथे पाठीला जोडलेली आहे ती जागा उजेडात धर. बॅगेतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण हेच. तिथे एकच सरळ शिवण असेल तर बॅग परत ठेव. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, किंवा जाड दाट टाक्यांची आडवी पट्टी, जिला आमच्या शिवणकामात बारटॅक म्हणतात. मग टाके मोज. इंचाला सहा ते आठ टाके बरोबर. बारा-चौदा असतील तर ते मजबूत वाटतात, पण इतकी भोकं एका ओळीत पडली की कापड तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. शिवणीच्या आत कापडाची कड किती सोडलीय तेही बघ. निदान एक सेंटिमीटर हवी आणि तिच्यावर पायपिनची, म्हणजे कड झाकणारी, पट्टी चढवलेली हवी. स्वस्त बॅगेत कड तीन-चार मिलिमीटरच असते. पॉलिएस्टरचे धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत येतात आणि एक दिवस पट्टी अख्खी हातात येते. दोरा तुटलेला नसतो, कापडच शिवणीतून निसटलेलं असतं. अशी बॅग पुन्हा शिवायला आमच्याकडे आली तरी शिवायला कड उरलेली नसते.

असंच खाली बघ, जिथे पट्टीची बारीक निवार बॅगेच्या खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे कापडाचा तिकोनी तुकडा मध्ये घेतलेला असावा, म्हणजे ओढ लांब शिवणीवर वाटली जाते. निवार २५ मिलिमीटर रुंद घे. बारीक गुळगुळीत निवार बकलमधून सरकत राहते आणि संध्याकाळपर्यंत बॅग कमरेखाली लोंबते. तळाला कापडाचा दुसरा थर हवा, कारण बॅगेच्या खालच्या कडा जमिनीला घासून आधी झिजतात.

कापडाला ६०० डेनिअरचं पॉलिएस्टर तुला पुरेल. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर, म्हणून आकडा वाढला की कापड जाड होतं आणि बॅगही जड होते. १६८० डेनिअर टिकाऊ खरं, पण ते वजन तूच उचलणार आहेस. आतून हाताला लागणारा लेप पाणी अडवतो. बॅग मशीनमध्ये धुतलीस किंवा कडक उन्हात टाकलीस की तो चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे पुस्तकांवर पडतात. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आणि उलटी टांगून सावलीत वाळवायची.

चेनच्या रनरच्या मागे बारीक आकडा कोरलेला असतो: ५, ८ किंवा १०. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० हवा. ५ नंबरची चेन पुढच्या खिशाला चालते, पुस्तकांच्या कप्प्याला नाही. रनर पुढे गेल्यावर मागे दात उघडे राहायला लागले तर चेन खराब झाली असं समजू नकोस. बहुतेक वेळा रनरचा जबडा फाकलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी पकडीने अगदी हलका दाबायचा. जोर लावलास तर तुटेल. तेवढ्याने भागलं नाही तर रनर बदलून मिळतो, नवी बॅग लागत नाही.

खांद्याच्या पट्ट्या सहा सेंटिमीटर रुंद आणि किंचित वळणाच्या घे, म्हणजे काखेत आणि छातीवर रुतणार नाहीत. फोम अंगठ्याने दाबून बघ. बोट टेकेपर्यंत दबला तर तो स्पंज आहे, महिन्यात चपटा होईल. आता तीच पुस्तकं भरून पाच-सहा किलो कर आणि दुकानातच दहा मिनिटं पाठीवर घेऊन उभी राहा. जड पुस्तक पाठीला चिकटून, वह्या त्यापुढे, डबा बाहेरच्या बाजूला. पट्ट्या आधी सैल सोड, बॅग चढव, मग खालच्या निवारी दोन्ही हातांनी सारख्या ओढ. बॅगेचा तळ कमरेच्या खोबणीत बसला पाहिजे. तो चार इंचांहून खाली गेला तर बॅग मागे ओढते, तोल सांभाळायला तू पुढे वाकतेस आणि मान दुखते. छातीवरचा बेल्ट असेल तर लाव, पट्ट्या बाहेर घसरत नाहीत.

एका खांद्याची बॅग किंवा टोट घेऊ नकोस, कितीही सोयीची वाटली तरी. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्याजवळून जातात, अरुंद पट्टी त्यांना दाबते. बोटांना मुंग्या यायला लागल्या तर तो थकवा नाही, बॅग लगेच उतरव. चाकांची बॅगही नको. जिन्यांवर ती उचलावीच लागते, आणि रस्त्याची घाण चाकांबरोबर हॉस्पिटलात जाते.

पावसाचं म्हणशील तर रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही, आणि पाणी मुख्यतः चेनमधून शिरतं. पुस्तकं आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, तिचं तोंड दुमडून खाली घाल.

पुढचं आईला विचारून लिहितोय, वॉर्डातलं तिला माहीत. बॅग वॉर्डाच्या फरशीवर ठेवायची नाही, पेशंटच्या पलंगावर किंवा लॉकरवर तर अजिबात नाही. हुकाला टांग किंवा तुमच्या रूममध्ये ठेव. वापरलेला युनिफॉर्म वेगळ्या कापडी पिशवीत घालायचा, ती पिशवी युनिफॉर्मबरोबरच धुवायची. पुस्तकांच्या कप्प्यात तो कधी जाऊ द्यायचा नाही. पुढे कम्युनिटी पोस्टिंगला वेगळी बॅग असते. पेशंटच्या घरी गेल्यावर आधी वर्तमानपत्र पसरून त्यावर ती ठेवतात, बाहेरच्या कप्प्यातून साबण-टॉवेल काढून हात धुतात आणि मगच आतला कप्पा उघडतात. आई म्हणते ती शिस्त आत्तापासून पुस्तकांच्या बॅगेलाही लाव: सॅनिटायझर आणि टॉवेल बाहेरच्या खिशात, बाकी सगळं आत.

दीड-दोन हजारांत अशी बॅग मिळायला हवी. बिल जपून ठेव आणि शिवणीचा फोटो मला पाठव. बाहेरचा नको, आतून उलटी करून काढलेला, पट्टीच्या जोडाचा. तो बघून सांगतो, मगच लेबल काढ.

तुझे
बाबा