पूर्ण बरी होण्याची वाट पाहू नका

लातूर,
कार्तिक वद्य

तीर्थरूप आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवणार, म्हणून आधी तब्येतीचं लिहिते. म्हणजे पुढचं तिला निवांत ऐकता येईल. मागच्या आठवड्यात बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात दाखवून आले. डॉक्टरांनी नीट तपासलं. मॅमोग्राफीत, म्हणजे छातीच्या एक्स-रेत, काही वाईट दिसलं नाही, रक्ताचे रिपोर्टही चांगले आहेत. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक, ती किमान पाच वर्षं घ्यायची आहे. माझी छातीतली गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारी होती आणि ही गोळी ते गाठीच्या पेशींना मिळू देत नाही. गोळीमुळं मधूनच अंगातून वाफा निघतात, ऐन थंडीत रात्री घाम फुटतो. आई, तुझ्या मुक्कामात तू हे पाहिलंस आणि घाबरलीस. ते दुखणं परतल्याचं लक्षण नाही, गोळीचा गुण आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही नळदुर्गला गेलो होतो हे तुम्हाला मावशीकडून कळलं. "एवढं मोठं दुखणं काढलंस अन् किल्ले हिंडायलीस व्हय? जावईबापूला तरी कळाया पाहिजे का नको?" असं आई फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. ती रडली की माझ्याही तोंडातून शब्द फुटत नाही. पण यांना बोल लावलेला मला फार लागला. म्हणून सगळं लिहून पाठवते.

केमो चालू होती तेव्हा मी घरातच होते, ते बरोबरच होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या. ताप 100.4 च्या वर गेला तर रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा, अशी ताकीद होती. यांनी वहीत सकाळ-संध्याकाळचा ताप लिहून ठेवला. ऑपरेशननंतर छातीजवळ नळी होती, तिच्या डब्यात किती पाणी जमलं तेही हेच मोजून लिहायचे, आणि ते कमी होत गेलं तसं आम्हाला धीर आला. रेडिएशनही झालं. पण नंतर उरला तो थकवा. आई, हा थकवा रानातून खुरपून आल्यासारखा नसतो, जेवून झोपलं की गेला असा. आठ तास झोपून उठलं तरी अंग उचलत नाही. मी जितकी पडून राहिले तितका तो वाढला. डॉक्टरांनीच सांगितलं, चाला. झेपेल तेवढं, पण रोज चाला.

मग आम्ही इथल्या गोल बाजारपेठेपासून, गंजगोलाईपासून सुरुवात केली. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. संध्याकाळी हे मला गाडीवरून तिथं नेऊन सोडायचे आणि आम्ही एका रस्त्यानं आत जाऊन देवीच्या देवळापाशी बसायचो. पुढं एक रस्ता जाताना, दुसरा येताना. भांड्यांची गल्ली, कापडाची दुकानं, तंबाखूचा वास आला की तोंडावर रुमाल. एका संध्याकाळी पूर्ण गोलाईला वळसा झाला आणि मी घरी येऊन भूक लागली म्हणाले. किती महिन्यांनी मला खरी भूक लागली होती! यांनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या आणि ताकात कालवून मला दिल्या.

हो, स्वयंपाक बराचसा हेच करतात. "जावयाला भाकरी थापायला लावती" हे आईनं मनाला लावून घेतलंय, म्हणून कारण सांगते. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधानं माझी बोटं आणि तळपाय बधिर झालेत. तव्याचा चटका लागला तरी लवकर कळत नाही, कळतं तोवर फोड आलेला असतो. दुसरं, डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळं त्या हाताचं पाणी नीट वर चढत नाही. जड उचललं, कापलं, भाजलं की हात सुजतो. म्हणून कळशी नाही, कणीक तिंबणं नाही, त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलो की मी तोंड उघडायच्या आत हे सिस्टरला सांगतात, "उजव्या हाताला घ्या." भिंतीवर बोटांनी वर वर चढायचा व्यायाम असतो. आमच्या न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर यांनी पेन्सिलीच्या रेघा मारल्यात, हात कुठवर पोचला त्याच्या. आता वरची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे.

आणि बांगड्यांचं. आई, तू दिवाळीत माझा मोकळा डावा हात पाहिलास आणि शेजारणीसमोर पदराखाली झाकलास. घट्ट बांगडी त्या हाताला चालत नाही, सूज येते आणि मग उतरत नाही. उजव्या हातात हिरवा चुडा आहे, तो मी कधी उतरवला नाही. डाव्या हातात प्रवासात घट्ट पट्ट्याची बाही घालते, सूज राहू नये म्हणून. ज्याच्या नावाचा चुडा, त्यानंच डावा हात जपायचा पण केलाय. तू त्यात अपशकुन बघू नकोस गं.

नळदुर्गची गोष्ट आता ऐका. भाद्रपदात गेलो, ऊन नव्हतं. रेडिएशन झालेल्या कातडीला ऊन बाधतं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही कुठंच गेलो नाही आणि जाणारही नाही. गाडीत मी मागं, यांच्या पाठीमागच्या सीटवर बसते. मावशीनं तेही बघितलं आणि "भांडण झालं का?" म्हणून विचारलं. भांडण नाही, पुढं डाव्या सीटवर पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, नेमका ऑपरेशनच्या जागेवर. मागं उजवीकडं बसलं की पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. शिवाय छाती आणि पट्ट्याच्या मध्ये छोटी उशी घेते, खड्ड्याचा धक्का लागत नाही. आपल्या रस्त्यांना ती लागतेच.

बोरी नदीला पाणी होतं. इब्राहिम आदिलशहानं 1613 साली नदीवर तो बांध घातला आणि बांधाच्या पोटातच पाणी महाल केला. वरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. आप्पा, तुम्ही मला शाळेत असताना तिथं नेलं होतं, तेव्हा नदी आटलेली होती. यावेळी पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. बधिर पायांना ओल्या पायरीचा अंदाज येत नाही, म्हणून उतरताना हे एक पायरी खाली उलटे चालत होते, माझे दोन्ही हात धरून. लोक बघत होते. आपल्याकडं बायकोचा असा चारचौघांत हात धरून कोणी चालत नाही, मलाही आधी संकोच वाटला, मग नाही वाटला. उपळ्या बुरुजावर आम्ही चढलो नाही. खाली दगडावर बसून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. एका दिवशी एकच ठिकाण, दुपारी पडायला खोली, आणि थकायच्या आधी परत, हा आमचा नेम आहे. पिशवीत फाइलीची झेरॉक्स, थर्मामीटर, गोळ्या आणि जखमेवर लावायचं मलम असतंच.

तेरलाही गेलो. तिथं चढ नाही, माझ्यासारखीला फार बरं. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बसलो, तेरणेच्या काठानं थोडं चाललो. संग्रहालयात सातवाहनांच्या काळातली मातीची खेळणी, मणी, दिवे आहेत. तगर म्हणून या गावाचा व्यापार पार रोमपर्यंत होता, हे शाळेत शिकवताना मी नुसतं सांगत होते. एका मातीच्या बाहुलीच्या केसांची ठेवण यांनी दाखवली. तेव्हा माझे केस बोटभर आले होते. ती ठेवण आपल्याला शोभेल का यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि सबंध दुपारभर मला आजाराची आठवण झाली नाही. आई, अशी दुपार मला घरातल्या पलंगावर कधी मिळाली नाही. भिंतीकडं बघत पडलं की डोक्यात एकच येतं, परत आलं तर?

तेच तर मला सांगायचंय. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, "मी पूर्ण बरी झाले का?" ते म्हणाले, "आज तुमच्या अंगात आजार दिसत नाही. तपासण्या करत राहू." याहून जास्त प्रामाणिक उत्तर त्यांच्याकडं नाही. अमुक दिवशी कागदावर शिक्का मारून कोणी मला 'पूर्ण बरी' म्हणणार नाही. वर्षं जातील तशी भीती कमी होत जाईल, एवढंच.

आणि तू, आई, मी पूर्ण बरी होईपर्यंत साखर सोडलीस. वहिनीनं मला सांगितलं, चहासुद्धा बिनसाखरेचा पितेस, पुरणपोळीच्या दिवशी आमटी-भात खाऊन उठतेस. आप्पा, तुम्ही नाथषष्ठीला पैठणला जाणं बंद केलंत, दिंडीतले लोक घरी बोलवायला आले तरी. शेत विकायलाही निघाला होतात, ते यांनी थांबवलं. तुमची माया मला कळते. पण तुम्ही ज्या दिवसाची वाट बघत थांबलात तो दिवस दारात येऊन हाक मारणार नाही. मी हिंडते, खाते, शाळेत अर्धा वेळ शिकवते, आणि माझे आई-बाप माझ्यासाठी उपाशी, हे मला सोसत नाही. देवीला मी सांगून ठेवलंय की आईचं व्रत पोचलं. तू आजपासून गोड खा. आप्पा, येत्या फाल्गुनात तुम्ही दिंडीत जा. तुमच्या पायाला मी इथं तेल लावू शकत नाही, पण जाताना सोडायला आम्ही दोघं येऊ.

आणखी एक, आणि हे रागवून न घेता ऐका. गावात तुम्ही माझं 'पोटाचं ऑपरेशन' झालं असं सांगितलंय. तुम्हाला वाटलं, लोक आमच्या चिऊच्या लग्नाच्या वेळी बोलतील. ती अजून सातवीत आहे हो. माझी गाठ मला अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणूनच कितीतरी बाया ती अंगावर काढतात. बार्शीच्या दवाखान्यातले लोक 1987 पासून बार्शी, परांडा, भूमच्या गावागावांत फिरून कॅन्सरच्या नोंदी ठेवतात. बायांशी बोलतात, काय दिसलं की यायचं ते सांगतात. बोलणं झालं तसं तिथल्या बाया गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी आधीपेक्षा लवकर दाखवायला यायला लागल्या. आपल्या गल्लीत ते बोलणं कोण करणार? बचत गटात आई जाते, तिथं तिनं एवढंच म्हणावं, "माझ्या लेकीला छातीत गाठ होती, वेळेवर दाखवली, आता ती हिंडती-फिरती." त्या बायांत एखादी गप्प बसलेली असेल, तिच्यासाठी म्हण.

येळवसेला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आम्ही तिघं येतोय. रानात कोपीपाशी सगळे भावकीतले असतील, मला सगळ्यांत बसायचंय. माझ्या केसांबद्दल, हाताबद्दल विचारलं तर मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. भज्जी, उंडे, अंबील पोटभर खाणार आहे, डॉक्टरांनी कशाला नको म्हटलेलं नाही. गव्हाची खीर मात्र तुझ्या ताटात मी वाढणार. अंबिलीचं मडकं रानात न्यायला भावाला सांग, ते मला उचलता येणार नाही.

त्याच्या आधी तुळजापूर करून घेऊ. तू नवस बोललीस, महाद्वारापासून दंडवत घालत देवीपर्यंत. तुझ्या गुडघ्यांनी ते होणार नाही, आणि तुला जमिनीवर पडताना मी बघू शकणार नाही. देवळात खाली जायला किती पायऱ्या आहेत तुला माहीत आहे, मलाही त्या जपून उतराव्या लागतील. आपण दोघी एकमेकींना धरून उतरू. तू ओटी भर, मी शेजारी उभी राहते. ज्या लेकीसाठी बोललीस ती स्वतःच्या पायांनी आली, याहून नवस फेडणं वेगळं काय असतं? यांनी पुजाऱ्यांना विचारून घेतलंय, ओटी भरली तरी चालतं. मंगळवार-शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जाऊ, गर्दी नको. माझ्या हाताला धक्का लागायला नको म्हणून.

तुम्ही निलंग्याहून एसटीनं लातूरला या, इथून पुढं आपली गाडी आहे. आप्पांना पंच्याहत्तर पूर्ण झाल्यामुळं तिकीट लागत नाही, आईला अर्धं. आप्पा, आधार कार्ड खरं बरोबर ठेवा, झेरॉक्स नको. आईची गुडघ्याची पट्टी आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या विसरू नका. कोणत्या दिवशी निघताय ते रविवारी फोनवर सांगा, म्हणजे हे शाळेत रजेचा अर्ज देतील आणि मी तुळजापूरला खोली बघून ठेवते, खालच्या मजल्यावरची.

वहिनीला, भावाला नमस्कार. पोरांना पापा.

तुमची लाडकी लेक